पान सत्त्याण्णव ते एकशे चार

पुस्तकाला पहिलं पान नव्हतं, म्हणून नावही नव्हतं.
आम्ही त्याला 'शरभाचं' म्हणायचो.
शाळेच्या पेटीतून केवळरामनं आणलेलं,
परत करायचं राहिलं,
मग मास्तरच बदलून गेले मूलला.

यंदा दिवाळीत पुतणीनं ते कोठीतून काढलं.
प्रणोती नागपूरला शिकते, पेन्सिलीशिवाय वाचत नाही.
दोन दिवसांनी धानाच्या पोत्यावर बसून म्हणाली,
"काका, राजकन्येला सगळ्या पुस्तकात मिळून अकरा ओळी.
शरभाच्या जखमेला अडीच पानं.
आणि केतुमान राज्य सोडतो ते कोणासाठी?
तुम्हाले दिसत नाही का?"

मी म्हटलं, मैत्री असते तशी.
म्हटलं, तेव्हा माणसं गळ्यात पडत, रडत,
एका ताटात जेवत,
कोणी त्याचा अर्थ काढत बसत नसे.
म्हटलं, पंखवाल्या घोड्यांचं पुस्तक आहे ते,
सात डोळ्यांचा राक्षस चालतो तुले,
मग नुसती मैत्री कायले नाही चालत?

"राक्षस चालतो म्हणूनच तर," ती म्हणाली,
"इतकं सगळं लिहिलं, मग एवढंच का नाही लिहिलं?"

मिलमध्ये काट्यावर जायचं आहे, म्हणून मी उठलो.
मिल त्या दिवशी बंद होती.

खरं तर ते पुस्तक मी वाचलेलं नाही.
ऐकलेलं आहे.
कार्तिकात धान पिवळं पडलं की
तलावाखालच्या बांधीत, मचाणावर आम्ही दोघं.
एकानं डुकरांकडे पाहायचं, एकानं वाचायचं.
माझी नजर चांगली, त्याचा आवाज.
उजेड बाहेर फुटू नये म्हणून
घोंगड्यात डोकं खुपसून तो वाचायचा
आणि मी रिकामा पिपा घेऊन पाठमोरा,
त्याच्या पाठीला पाठ.
शब्द कानात यायच्या आधी बरगड्यांत वाजायचे.

"झोपला का बे?"
"नाही. बर्फातली रात्र वाच."

बर्फ आम्ही फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलेला.
तरी ती रात्र मला तोंडपाठ आहे:
गुहा. बाहेर वादळ. कांबळं एकच.
शरभाचं डोकं केतुमानाच्या मांडीवर.
केतुमान म्हणतो,
राज्याला दुसरा राजा मिळेल,
मला दुसरा तू कुठून मिळणार.
शरभ काही बोलत नाही.
त्याच्या मनगटाचा गंडा सोडवतो
आणि आपल्या मनगटाला बांधतो.

हे मी प्रणोतीला सांगितलं.
बघ, किती साधं आहे, म्हणून सांगितलं.
ती पानं उलटत राहिली, पुढं, मागं, परत पुढं.
"काका, यात गुहाच नाही."

शहाण्णवनंतर एकदम एकशे पाच.
आणि पुठ्ठ्याच्या आत मास्तरांची जांभळी शाई,
केवळनं पेटी उघडली त्याच्या दोन वर्षं आधीची तारीख:
पृष्ठे ९७ ते १०४ नाहीत.

प्रणोतीनं पेन्सिल खाली ठेवली.
"कोण होता हा, वाचणारा?"
"केवळ. मित्र," म्हणालो मी.
मधे थांबलो की नाही,
तिला कसं ऐकू गेलं, ठाऊक नाही.

तो बल्लारशाला कागदाच्या कारखान्यात लागला.
दोन मुली, एकीचं लग्न झालं.
पोळ्याला फोन करतो:
पाणी कसं, गुडघे कसे, म्हातारा बैल आहे का अजून.
कागदाचं काही बोलत नाही.

एकदा मचाणावर बॅटरी विझली होती.
तो वाचतच राहिला.
पाठ झालं असेल, असं मला वाटलं
आणि मी पिपा वाजवायचा विसरलो.
सकाळी बांधीचा सगळा कोपरा डुकरांनी लोळवलेला.
बाप धुऱ्यावर उभा राहून ओरडला,
"रातभर करत काय होते बे दोघं?"

"वाचत होतो,"
आम्ही दोघं एकदमच म्हणालो.